माल श्वास घेत नाही

अमेरिकेच्या उत्तर सीमेला लागून असलेल्या मिनेसोटा राज्यात डलूथ नावाचे बंदर आहे. समुद्र येथून फार दूर. परंतु पुढ्यात सुपीरियर सरोवर पसरलेले असल्यामुळे या गावाला समुद्राची उणीव कधी भासली नाही. सरोवराचा विस्तार सुमारे ८२,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चौथाईहून थोडा अधिक; आणि सर्वांत खोल ठिकाणी त्याची खोली ४०६ मीटर. उन्हाळ्यात लोहखनिज आणि धान्य भरलेली जहाजे येथून पूर्वेकडे निघतात. १५ जानेवारीच्या सुमारास सरोवराच्या पूर्व टोकाकडील सू येथील जलद्वारे बंद होतात आणि २५ मार्चपर्यंत दूरची जलवाहतूक थांबते. मालाची ये-जा थांबली की गावही निवांत होते.

याच निवांत दिवसांत डलूथच्या किनाऱ्यावर एक विलक्षण देखावा दिसतो. उत्तरेकडून उणे वीस-पंचवीस अंशांचा वारा वाहत येतो. सरोवराचे पाणी मात्र गोठणबिंदूच्या किंचित वर असते. त्या वाऱ्याच्या मानाने ते पाणी ऊबदारच म्हणायचे. त्यातून वाफ उठते, वर येताच थिजते आणि सूर्योदयाच्या वेळी सबंध सरोवर धुमसत असल्याचा भास होतो. तेथील लोक याला समुद्राचा धूर म्हणतात. बंदराच्या कालव्यावरील कठडे आणि दिव्यांचे खांब यांवर ती वाफ बसते आणि त्यांवर बर्फाचा पांढरा लेप चढतो. ऊबदार, ओलसर वस्तू थंडीत श्वास सोडू लागली की काय घडते, ते सरोवर अशा पहाटे उघडपणे दाखवीत असते. हा धडा ज्याला वेळीच उमगला, त्याचाच या प्रदेशातील हिवाळी मुक्काम सुखाचा होतो.

कारण भर हिवाळ्यातही येथे प्रवासी येतात. डलूथपासून ग्रँड मरे या लहानशा गावापर्यंत सरोवराच्या काठाकाठाने सुमारे १७५ किलोमीटरचा रस्ता जातो. एका बाजूला काळे खडक आणि पाणी, दुसऱ्या बाजूला सूचिपर्णी वृक्षांचे आणि भूर्जवृक्षांचे अरण्य. कोणी बर्फावर घसरपट्ट्यांनी फिरायला येतो, कोणी कुत्र्यांच्या गाड्यांची शर्यत पाहायला, तर कोणी केवळ गोठलेले धबधबे पाहायला. या रस्त्यावर मोटारीच्या मागे जोडलेली, पत्र्याची, बिनखिडक्यांची एखादी चौकोनी पेटी दिसते. पाहणाऱ्याला वाटावे, कोणी व्यापारी माल घेऊन चालला आहे. पेटी मुळात मालासाठीच घडवलेली असते; परंतु आत बिछाना असतो, शेगडी असते आणि दोन माणसांचा संसार असतो. मालवाहू ट्रेलरचे हिवाळी घर करण्याची ही रीत अमेरिकेत आणि कॅनडात चांगलीच रुळलेली आहे.

ही पेटी जन्मते कोठे, हे पाहण्यासारखे आहे. डलूथपासून सुमारे ९०० किलोमीटरवर, इंडियाना राज्यात एल्कहार्ट नावाचे शहर आहे. चाकांवरच्या घरांची जागतिक राजधानी असे बिरुद ते मिरवते आणि ते खोटे नाही. देशातील अशा घरांपैकी बहुसंख्य घरे याच परिसरात बनतात. त्या कारखान्यांत आमिश पंथाचे हजारो कारागीर काम करतात. स्वतः मोटार न बाळगणारी, घोड्याच्या बग्गीतून फिरणारी ही मंडळी इतरांसाठी चाकांवरची घरे बांधतात. आणि त्याच परिसरात, शेजारच्याच शेडमध्ये, मालवाहू ट्रेलरही बनतात. एका छपराखाली माणसांसाठी पेटी, दुसऱ्या छपराखाली मालासाठी.

मग राहायचे असताना माणसाने मालाची पेटी का घ्यावी? पहिले कारण अर्थातच किंमत. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. बाजारात तयार मिळणारी कित्येक घरे उन्हाळी सहलीसाठी बांधलेली असतात. भिंती पातळ, पाण्याचे नळ जमिनीखालून उघड्यावर गेलेले. पहिल्याच कडक थंडीत ते फुटतात. मालाच्या पेटीत असे काहीच नसते. लोखंडी चौकोनी नळ्यांचा सांगाडा, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून प्लायवूड, खाली पाऊण इंचाची प्लायवूडची जमीन. जे नाही ते बिघडत नाही. आणि जे हवे ते आपल्या मनाप्रमाणे बसवता येते.

आता असे एक जोडपे डोळ्यांसमोर आणावे. गृहस्थ सुतारकामातून निवृत्त झालेले, पत्नी शाळेतून. मुले दूर नोकरीला. सरोवराचा हिवाळा आयुष्यभर घराच्या खिडकीतून पाहिला, आता तो काठावर राहून पाहावा, एवढीच दोघांची इच्छा. त्यांनी सहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि आतून साडेसहा फूट उंच असा एका आसाचा ट्रेलर घेतला. अशा ट्रेलरचे मालासह कमाल वजन साधारणतः १,३५० किलो ठरवलेले असते. रिकामी पेटीच सुमारे ६०० किलोंची. म्हणजे संसाराला उरले साडेसातशे. व्यापाऱ्याला हा हिशेब समजावून सांगायला नको. शिवाय एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या जोडावर पडावा लागतो. जड सामान मागे गेले, तर वेगात ट्रेलर शेपूट हलवल्यासारखा झोके घेऊ लागतो.

गृहस्थांनी शरद ऋतूत काम काढले. आतले प्लायवूड उतरवून लोखंडी नळ्यांच्या मधल्या जागांत एक इंच जाडीचे फोमचे तक्ते बसवले. हा फोम आपल्याकडील थर्माकोलचाच अधिक दाट आणि पाणी न शोषणारा भाऊ. प्रत्येक फट चिकटपट्टीने बुजवली. दारांना रबराच्या पट्ट्या लावल्या. छताला वाऱ्याचा एकही मार्ग ठेवला नाही. एक इंचाची फट म्हणजे थंडीला निमंत्रण, ही त्यांची समजूत. आत प्रोपेनवर जळणारी एक छोटी उघड्या ज्योतीची शेगडी ठेवली. पत्नीच्या आग्रहावरून भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र तेवढे लावले.

डिसेंबरच्या आरंभी, स्वतःच्या अंगणातच, त्यांनी पहिली रात्र काढली. अशी पहिली रात्र घराजवळ काढण्याचा या मंडळींत प्रघात आहे आणि तो फार शहाणपणाचा आहे. बाहेर उणे बारा अंश होते. झोपताना आत इतकी ऊब होती की दोघे स्वतःवरच खूश होते. पहाटे तीनच्या सुमारास भिंतीवरचे यंत्र किंचाळू लागले. गृहस्थ उठले तो डोके जड, पाय लटपटते. पत्नीने बाजूच्या दाराला धक्का दिला, दार हलेना. आतल्या वाफेने रबराच्या पट्ट्यांवर पाणी साचून ते गोठले होते. दुसऱ्या धक्क्याने दार उघडले. घर दहा पावलांवर होते. तेथपर्यंत दोघे पोहोचले आणि स्वयंपाकघरातील बाकावर बराच वेळ काही न बोलता बसून राहिले. शेवटी पत्नी म्हणाल्या, “आपण भिंत थंडीसाठी बांधली. आपल्यासाठी काहीच बांधले नाही.”

सकाळी ट्रेलरचे दार उघडले तेव्हा चूक कोठे होती ते भिंतीनेच दाखवले. फोम होता तेथे प्लायवूड जवळजवळ कोरडे. पण जेथे जेथे मागे लोखंडी नळी होती, तेथे तेथे हिमाचा उभा पांढरा पट्टा. सांगाड्याचे सगळे चित्र भिंतीवर उमटले होते. लोखंडाने बाहेरची थंडी थेट आत आणली होती. गादी उचलली तर तिची खालची बाजू ओलीचिंब.

हे पाणी कोठून आले? त्याचा हिशेब सरळ आहे. निजलेला माणूस श्वासावाटे आणि त्वचेवाटे रात्रभरात साधारण पाव लिटर पाणी हवेत सोडतो. दोघांचे अर्धा लिटर. त्या पेटीत हवा मावते सुमारे १३ घनमीटर. १५ अंश तापमानाला एवढी हवा काठोकाठ भरली तरी सुमारे १७० ग्रॅमच वाफ धरून ठेवू शकते. उरलेले पाणी कोठेतरी बसणारच, आणि ते सर्वांत थंड पृष्ठभाग शोधून बसते. त्यात उघड्या ज्योतीची भर. एक किलो प्रोपेन जळले की दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ तयार होते. शेगडी ऊब देते तसे पाणीही देते. आणि हवा मात्र आतलीच खाते. ती हवा अपुरी पडू लागली की ज्वलन अर्धवट होते आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला तो जागा होण्याची संधीही देत नाही.

सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही. जमिनीखालच्या त्या बंद पेवात हळद वर्षानुवर्षे सुखाने राहत असे. परंतु पेवाचे तोंड उघडल्यावर माणूस लगेच आत उतरत नसे. आधी हवा खेळू देत, मग दोरीने कंदील सोडून पाहत. ज्योत तेवत राहिली तरच माणूस खाली जाई. जी जागा मालाला मानवते ती माणसाला मानवेलच असे नाही, हे त्या पेठेला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. मात्र कार्बन मोनॉक्साइड कंदिलाने कळत नाही. त्यासाठी ते भिंतीवरचे यंत्रच हवे.

गोदाम आणि घर यांतला खरा भेद येथेच आहे. माल श्वास घेत नाही. मालाला तहान लागत नाही. मालाला रात्री उठून आतून दार उघडायचे नसते. पेटी या तिन्ही गोष्टी गृहीत धरून घडवलेली असते, आणि तिचे घर करायचे म्हणजे ही तीन गृहीतके एकेक करून बदलायची.

त्या जोडप्याने सगळे काम पुन्हा काढले. प्रथम भिंत. नळ्यांच्या मधला फोम तसाच ठेवून, आतल्या बाजूने नळ्यांवरूनही फोमचा अखंड तक्ता फिरवला, म्हणजे लोखंड आणि खोलीतील हवा यांची गाठ पडू नये. त्याचे सांधे बाष्परोधक पट्टीने बंद केले आणि मग प्लायवूड चढवले. जमिनीवरही तसाच थर दिला. गादी सरळ फळीवर न ठेवता पट्ट्यांच्या जाळीवर ठेवली, म्हणजे खालून हवा खेळेल.

मग अग्नी. उघडी शेगडी गेली आणि तिच्या जागी डिझेलवर चालणारे छोटे तापयंत्र आले. जळण्यासाठी लागणारी हवा ते बाहेरून घेते आणि धूर व वाफ बाहेरच सोडते. आत येते ती केवळ तापलेली कोरडी हवा. स्वयंपाकापुरती प्रोपेनची चूल ठेवली, पण ती पेटवताना झरोका उघडायचा आणि भांड्यावर झाकण ठेवायचे, असा नियम केला. प्रोपेनच का, यालाही कारण आहे. आपल्याकडील स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असते. ब्यूटेन शून्याच्या जरा खालीच द्रवरूप होऊन बसतो. प्रोपेन मात्र उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूपाने बाहेर येतो. मिनेसोटात तेवढेही पुरत नाही असा दिवस येऊन गेला आहे: २ फेब्रुवारी १९९६ रोजी टॉवर या गावी उणे ५१ अंशांची नोंद झाली. डिझेलही थंडीत मेणासारखे घट्ट होते. म्हणून त्या भागात हिवाळ्यासाठी वेगळे, पातळ डिझेल विकले जाते.

मग पाणी आणि वीज. नळ नाही, जमिनीखाली टाकी नाही. सुमारे १९ लिटरचे दोन कॅन आत, तापयंत्राजवळ. जे पाणी माणसांबरोबर ऊबेत राहते ते गोठत नाही. बॅटरी लिथियम लोह फॉस्फेटची. ती शून्याखाली असताना भारित केली तर कायमची बिघडते, म्हणून तीही आत, पलंगाखाली. पाणी, बॅटरी आणि माणसे यांना एकाच खोलीची ऊब पुरली.

मग दार. मालाच्या ट्रेलरच्या बाजूच्या दाराला बाहेरून पडणारी लोखंडी आगळ असते. माल आत सुरक्षित राहावा यासाठी ती योग्यच. पण वाऱ्याने किंवा चुकून ती पडली, तर आतला माणूस कोंडला जातो. ती काढून आतून-बाहेरून उघडणारी कडी बसवली. मागचे मोठे दारही आतून उघडता येईल असे केले. रबराच्या पट्ट्या रोज रात्री निजण्यापूर्वी कोरड्या पुसायचे काम पत्नींनी आपल्याकडे घेतले.

आणि शेवटी, ज्याला गृहस्थांचे मन सर्वांत उशिरा तयार झाले ते काम: छताला भोक पाडायचे. पत्र्यात सुमारे चौदा इंचांचा चौरस कापून त्यात पंख्याचा झरोका बसवला आणि समोरच्या कोपऱ्यात जमिनीलगत एक लहान जाळी. वरचा झरोका बोटभर उघडा, खालची जाळी अर्धी उघडी. इतक्या कष्टाने ऊब कोंडायची आणि मग तिलाच वाट करून द्यायची, हे सुताराच्या हाताला पटेना. ते पटले हिशेबाने.

बाहेर उणे २० अंश असताना तेथील एक घनमीटर हवेत जेमतेम एक ग्रॅम वाफ असते. म्हणजे ती हवा अतिशय कोरडी. आत येऊन तापली की ओल टिपून घेणारी. ताशी एकदा जरी आतली हवा पूर्ण बदलली, तरी दोन माणसांच्या श्वासाचे सगळे पाणी ती बाहेर घेऊन जाते. या हवेला तापवण्याचा खर्च सुमारे २०० वॅट. भिंती, छत आणि जमीन यांतून जाणारी ऊब भरून काढायला सव्वा ते दीड किलोवॅट लागतात. त्या मानाने झरोक्याचा खर्च सहावा-सातवा हिस्सा. दहा तासांच्या रात्रीला एकूण डिझेल साधारण सव्वादोन लिटर. त्यातले पाव लिटर झरोक्याचे. कोरडी गादी, कोरडी भिंत आणि सकाळी शुद्धीवर उठण्याची खात्री यांची किंमत पाव लिटर डिझेल. एवढ्या हप्त्यात असा विमा दुसरीकडे कोठे मिळणार?

जानेवारीच्या अखेरीस दोघे डलूथहून निघाले. वाटेत स्प्लिट रॉकचे दीपगृह लागते. १९०५ च्या नोव्हेंबरातील भयंकर वादळात या किनाऱ्यावर अनेक जहाजे फुटली, आणि त्यानंतर, १९१० मध्ये, सुमारे चाळीस मीटर उंचीच्या कड्यावर हा दिवा उभा राहिला. तेव्हा येथे रस्ता नव्हता. वीट-लोखंड सारे जहाजाने आणून यारीने कड्यावर चढवले गेले. त्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, याच किनाऱ्याने जॉन बेअरग्रीज नावाचा ओजिब्वे टपालवाला उन्हाळ्यात नावेने आणि हिवाळ्यात कुत्र्यांच्या गाडीने टपाल पोहोचवीत असे. डलूथजवळून निघणारी कुत्र्यांच्या गाड्यांची शर्यत आजही त्याच्या नावाने भरते.

त्याच्या लोकांची हिवाळी घरेही याच अरण्यात असत. सरोवराला गिचिगामी, म्हणजे मोठे पाणी, म्हणणाऱ्या ओजिब्वे लोकांची ती घुमटाकार झोपडी वाकवलेल्या कोवळ्या खोडांची असे. वरून भूर्जाच्या सालीचे आच्छादन, आतून लव्हाळ्याच्या चटया आणि मध्ये अग्नी. चटई आणि साल यांमधली हवा थंडी अडवी. आणि घुमटाच्या माथ्यावर, अग्नीच्या बरोबर वर, धूर जाण्यासाठी भोक राखलेले असे. एवढ्या कडाक्याच्या थंडीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांनीही आपल्या छताला तोंड राखलेच होते.

ग्रँड मरेच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत, दोघांनी ट्रेलर उभा केला. रात्री उणे २४ अंशांपर्यंत पारा उतरला. झोपण्यापूर्वी गृहस्थांनी यंत्राचे बटण दाबून त्याचा आवाज तपासला, पत्नींनी दाराच्या पट्ट्या पुसल्या आणि झरोका बोटभर उघडा आहे ना, हे दोघांनीही हात लावून पाहिले. रात्रभर खडकांवर बर्फाचे तुकडे आपटल्याचा आवाज येत होता.

पहाटे पत्नी आधी उठल्या. भिंतीवरून हात फिरवला, कोरडी. गादीखाली हात घातला, कोरडी. कडी सहज निघाली. बाहेर पडून त्या काठापर्यंत गेल्या तेव्हा सूर्य वर येत होता आणि सबंध सरोवरावर धूर दाटला होता. वळून पाहिले तर ट्रेलरच्या छतावरूनही वाफेची एक बारीक रेघ सरळ आभाळात चढत होती. आत गृहस्थ अजून झोपलेले होते. चुलीवर चहाचे पाणी ठेवण्यापूर्वी पत्नींनी खिळ्याला टांगलेली वही उतरवली आणि त्या दिवसाची नोंद केली: डिझेल अडीच लिटर, बाहेर उणे २४, भिंती कोरड्या.